वर्षाचं बाळ घरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला वाढदिवस होतो, फुगे उतरतात आणि आईबाबांच्या प्रश्नांचा सूर बदलतो. कालपर्यंत 'किती वेळा पाजू?' असं विचारणारे आता 'हा किल्ल्या कुठे लपवतो?' इथपासून 'रडता रडता तिचा श्वासच थांबला' इथपर्यंत काहीही विचारतात. साधारण अकरा महिने ते दीड वर्ष या वयाच्या बाळांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बाळाला आत्ता काही झालं असेल तर बाकीचं सोडून थेट प्रश्न १२ ते १६ वाचा.

१. वर्ष पूर्ण झालं तरी मुलगा एकटा चालत नाही. शेजारची दहाव्या महिन्यात चालली. दाखवायला नेऊ का?

एवढ्यासाठी नको. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांवर नजर ठेवून २००६ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. त्यांत आधाराशिवाय चालायचं वय साधारण ८ ते १८ महिने इतकं पसरलेलं निघालं. शेजारची आणि तुमचा, दोघंही वेळेवर आहेत. त्याच मुलांपैकी सुमारे ४ टक्के हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, त्यामुळे 'रांगला नाही म्हणून चालत नाही' ही भीतीही सोडा.

तुम्ही बघायचं ते इतकंच, की तो धरून उभा राहतो का आणि दिवाणाच्या कडेने पावलं टाकतो का. धरूनही पायांवर भार देत नसेल, एकाच बाजूचा हात किंवा पाय सतत कमी वापरत असेल, किंवा १८ महिने होऊनही एकटा चालत नसेल तर मात्र दाखवा. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर हिशेब वेगळा, तो प्रश्न २१ मध्ये.

२. वॉकर आणावा का? आजी म्हणतात, पांगुळगाडाच आणा.

आजींचं ऐका. मधोमध बसवायच्या गोल वॉकरने चालणं लवकर येत नाही. उलट त्यात बसलेलं बाळ एका ढकलीसरशी कुकरपाशी नाहीतर जिन्याच्या तोंडाशी पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरवर बंदी घातली, ती अशाच अपघातांमुळे. पांगुळगाड्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं आणि तोल स्वतः सांभाळतं. गुळगुळीत फरशीवर गाडा पुढे निसटतो, म्हणून सुरुवात सतरंजीवर करा आणि कुणीतरी हाताच्या अंतरावर राहा. घरात बूट नकोत. अनवाणी पायाला जमीन नीट कळते.

३. आधी वाटीभर मऊ भात खायची, आता दोन घासांत तोंड फिरवते. वजन उतरेल का?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मवेळेच्या जवळजवळ तिप्पट होतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावणार. ती कमी खात नाही, तिला लागतं तेवढंच खाते.

वर्षाच्या मुलीचं मधलं वजन ८.९ किलो आणि मुलाचं ९.६ किलो धरतात. मधलं म्हणजे निम्मी निरोगी मुलं त्याच्या खालीच असतात. तेव्हा एका आकड्यापेक्षा अंगणवाडीच्या किंवा डॉक्टरांच्या तक्त्यावरची रेषा बघा. ती आपल्या वाटेने वर जात असेल तर चिंता नको. दोन-तीन महिने वजन हललंच नाही, बाळ फिकट दिसतंय, खेळत नाही, असं असेल तर दाखवा.

रोजच्या जेवणात तीन गोष्टी सांभाळा. एक, बाळाला सगळ्यांच्या पंगतीत बसवा आणि तिची वेगळी ताटली द्या. तिखट घालायच्या आधी काढून ठेवलेली भाजी, वरण-भात-तूप, दह्यात कुस्करलेली भाकरी, उकडलेलं अंडं, नाचणीचं सत्त्व, सगळं चालतं. दोन, हाताने खाऊ द्या. भाताचं एक शीत चिमटीत धरून ती ते निरखून बघेल, आधी नाकाला लावेल, मग कपाळाला, आणि शेवटी तोंडात घालेल. त्या एका शितात बोटांचा, डोळ्यांचा आणि जिभेचा अभ्यास चाललेला असतो. फरशी नंतर पुसता येते. तीन, जेवण अर्ध्या तासात आटपा. चिऊचा घास, काऊचा घास जरूर करा, पण नाक दाबून घास कोंबू नका. कोंबलेलं अन्न बाळाला जेवणाची धास्ती बसवतं. दोन जेवणांच्या मध्ये बिस्किटं चाललीच असतील तर ती आधी थांबवा, निम्मी तक्रार तिथेच मिटते.

४. आता वरचं दूध सुरू केलं तर किती द्यायचं? आणि मध?

गाईचं किंवा म्हशीचं दूध वर्षानंतर द्यायला हरकत नाही, पण दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या वर नको. दुधात लोह फार थोडं असतं. लिटरभर दूध पिणारं बाळ गुबगुबीत दिसतं, जेवत नाही, आणि आतून रक्त कमी झालेलं असतं. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवता येतं. बाटली मात्र आता सोडवा, वाटी किंवा पेला द्या. रात्री तोंडात बाटली ठेवून झोपवलं की पुढचे दात किडतात.

मध वर्षाच्या आत अजिबात नको, चाटवण्यापुरताही नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. वर्षानंतर तो धोका राहत नाही. तरीही वरून साखर, गूळ, मध घालायची सवय दोन वर्षांपर्यंत टाळलेली बरी.

५. चमचा खाली टाकतो, उचलून दिला की हसून परत टाकतो. हा मुद्दाम छळतो का?

छळत नाही, तपासतो आहे. स्टीलचा चमचा पडला की वाजतो, पोळीचा तुकडा वाजत नाही, पाण्याचा पेला पडला की सगळे ओरडतात, आणि चष्मा पडला की बाबा सर्वांत वेगाने येतात. दर वेळी असंच होतं का, हे त्याला पुन्हा पुन्हा बघायचं असतं. चार-पाच वेळा मन लावून त्याच्याशी खेळा आणि मग वस्तू शांतपणे उचलून ठेवा. चेहरा रागीट करून उपयोग नाही, तोही त्याला एक नवा निकालच वाटतो.

वस्तू 'आत घालणे' हा याचाच पुढचा भाग. हरवलेला रिमोट आधी बुटांत, मग डब्यांच्या कपाटात, मग तांदळाच्या पिंपात शोधा. वॉशिंग मशीन लावण्याआधी आत हात फिरवायची सवय ठेवा. आणि न्हाणीघरात भरलेली बादली किंवा टब ठेवू नका. वाकून बघणारं बाळ डोक्याकडून आत जातं आणि थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं. या एका बाबतीत घरातल्या कुणालाही सूट नको.

६. 'टाटा कर' म्हटलं की ढिम्म. पाहुणे जिना उतरून गेले की दाराकडे बघून हात हलवते!

घरोघरी हेच चालतं. शब्द ऐकणं, समजणं आणि हात उचलणं यांत या वयात बराच वेळ जातो. शिवाय पाच मोठी माणसं एकदम तोंडाकडे बघत असली की बाळ त्यांनाच न्याहाळत बसतं. गर्दी पांगली की तिला सुचतं. पाहुण्यांसमोर आग्रह करू नका. उशिरा केलेला टाटाही पूर्ण टाटा असतो, त्यालाही तुम्ही हात हलवून उत्तर द्या.

७. दूधवाल्यालाही 'बाबा' म्हणतो. आणि घरात दोन भाषा आहेत, त्याने गोंधळ होतो का?

एका शब्दात सगळ्या पुरुषांना बसवणं ही बोलण्याची सुरुवातच आहे. त्याच न्यायाने गाय, कुत्रा आणि मांजर, सगळ्यांनाच काही महिने 'भूभू' म्हटलं जातं. 'नाही रे, हे काका' एवढं म्हणून पुढे चला. आई मराठी आणि बाबा कानडी, किंवा घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी, अशा घरांतली मुलं त्यामुळे मागे पडत नाहीत. परदेशातल्या आईबाबांनीही बाळाशी बिनधास्त मराठीत बोलावं.

इथे शब्दांपेक्षा बोट महत्त्वाचं. वर्षाच्या आसपास बाळ हवी ती वस्तू बोटाने दाखवतं, हाक मारली की वळतं, तुम्ही दाखवलेल्या चिमणीकडे बघतं. हे काहीच होत नसेल, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, किंवा येत असलेली गोष्ट (शब्द, टाटा, नजर देणं) बंद झाली असेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' या समजुतीवर थांबू नका. कान तपासून घ्या आणि विकासाची तपासणी करा.

८. मी न्हाणीघरात गेले तरी दार बडवतो. आजोबांकडेही जात नाही, त्यांना वाईट वाटतं.

दहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत हे जोरात असतं. आई दिसेनाशी झाली तरी ती कुठेतरी आहे हे त्याला कळायला लागलंय, पण परत केव्हा येणार ते कळत नाही. चोरून सटकू नका, सांगून जा आणि आल्यावर 'आले बघ' म्हणा. पडद्याआडचा 'भो' खेळही हाच धडा देतो.

आजोबांसाठी एक युक्ती हमखास चालते. आल्या आल्या उचलून घ्यायचं नाही. जवळ सतरंजीवर बसायचं, बाळाकडे न बघता डब्याचं झाकण वाजवायचं. थोड्या वेळाने बाळ आपण होऊन मांडीला हात लावतं.

९. मोबाईलशिवाय घासच उतरत नाही. कसं सोडवायचं?

एकदम सोडवा. दोन-तीन दिवस रडारड होईल, पुढे भूक जिंकते. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतातली बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोघींचंही म्हणणं आहे की या वयात पडदा नकोच. नागपूरच्या मावशीशी किंवा दुबईच्या काकाशी व्हिडिओ कॉलवर बोलणं चालतं, कारण तिथे समोरचं माणूस उत्तर देतं. पडद्याकडे बघत गिळणाऱ्या बाळाला पोट भरल्याचं कळत नाही. नियम सगळ्या घराला लागू करा. आई देत नाही आणि आत्या देते, असं झालं की काहीच सुटत नाही.

१०. रात्री दोनला उठून उभी राहते आणि हसते. झोप पुरेशी होते का? झोळी चालेल का?

दिवसाची धरून ११ ते १४ तास झोप झाली की पुरे. नवं उभं राहणं रात्रीही सरावात येतं. दिवा न लावता, न बोलता पुन्हा आडवं करा. झोळीचे आणि उथळ पाळण्याचे दिवस मात्र बाळ धरून उभं राहायला लागलं की संपले. जमिनीवरची गादी सर्वांत सुरक्षित.

११. दात येताना १०२ ताप आणि जुलाब होतात ना?

नाही. दात येताना लाळ, चिडचिड आणि हिरड्या शिवशिवणं होतं. जोराचा ताप किंवा जुलाब दातांवर ढकलले की खरा आजार मागे पडतो. जुलाबात प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएस पाजा, जेवण आणि अंगावरचं दूध चालू ठेवा, आणि डॉक्टरांकडून १४ दिवसांचं झिंक घ्या. डोळे खोल गेले, लघवी फार कमी झाली, बाळ मलूल पडलं किंवा शीतून रक्त आलं तर वाट बघू नका. वर्षाला एकही दात नसणं चालतं. पुढेही लवकर आला नाही तर दंतवैद्यांना एकदा दाखवा.

१२. तापाचं औषध किती द्यायचं? प्रत्येक बाटलीवर वेगळं लिहिलेलं असतं.

हा गोंधळ खरोखर धोक्याचा आहे, म्हणून नीट वाचा. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर देतात: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, २४ तासांत चारदाच. १० किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम. ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, आणि जास्त तीव्र सिरपमध्ये ५ मिलीत २५०. ड्रॉप्स सिरपसारखे चमच्याने दिले तर डोस चार पट होतो. बाटलीवरचा आकडा डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा, बाळाचं वजन सांगा, आणि सोबत आलेल्या मापानेच द्या.

सर्दी-खोकल्याची सिरपं घरात असतील तर ती देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नयेत असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवलं आहे.

१३. तापात फिट आली. कांदा हुंगवू का?

कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा किंवा बोट तर मुळीच नको. बाळाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू हलवा, गळ्यापाशी घट्ट असेल ते सैल करा आणि घड्याळ बघा. सहा महिने ते पाच वर्षांत जोराच्या तापात अशी फिट येऊ शकते. बहुतेक वेळा ती पाच मिनिटांच्या आत थांबते आणि मेंदूला इजा करत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. थांबली तरी पहिल्या फिटनंतर त्याच दिवशी तपासणी हवीच.

१४. रडता रडता श्वास कोंडला आणि ओठ काळेनिळे पडले. हे फिटच का?

बहुतेक वेळा नाही. पडलं, काही हिसकावून घेतलं, राग आला, मग जोराचं रडणं, श्वास धरणं, निळं पडणं, क्षणभर ढिलं पडणं आणि आपोआप श्वास सुरू होणं, असा क्रम असेल तर ती श्वास धरण्याची सवय आहे. बाळ हे ठरवून करत नाही. त्याला आडवं करा, हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. अशा मुलांत लोहाची कमतरता बऱ्याचदा सापडते, म्हणून हिमोग्लोबिन तपासा. न रडता असं झालं किंवा नंतर बाळ बराच वेळ भानावर आलं नाही, तर तातडीने दाखवा.

१५. पलंगावरून पडला. लगेच रडला आणि आता खेळतोय. झोपू द्यायचं का?

लगेच रडणं आणि लवकर शांत होऊन खेळणं ही चांगली खूण आहे. झोपेची वेळ असेल तर झोपू द्या, पण मधून मधून हलवून तो ओळख देतो का बघा. पुढचे २४ तास लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, उठवूनही न उठणं, फिट, कान-नाकातून पाणी किंवा रक्त, डोक्यावर मऊ पचपचीत सूज, किंवा पडताना शुद्ध गेली असेल तर थेट रुग्णालय. टेंगळाला थंड पाण्याची पट्टी लावा, ते जोरात चोळू नका. आणि आईला कुणी बोलू नका. या वयात बाळ हातातून निसटायला पापणी लवण्याएवढाच वेळ लागतो.

१६. जे दिसेल ते तोंडात. घशात अडकलं तर काय करायचं?

बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या. खोकला येत नाही, आवाज फुटत नाही, चेहरा निळा पडतोय, असं असेल तर वर्षावरच्या बाळाला पुढे वाकवून दोन खांदेफळ्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा मारा. नाही सुटलं तर मागून धरून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच दाब द्या. हे आलटून पालटून. वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब द्यायचा नाही, छातीच्या मध्यावर द्यायचा. घशात अंदाजाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ ला फोन लावावा.

रिमोट, घड्याळ किंवा आवाज करणाऱ्या खेळण्यातला चपटा सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी लगेच रुग्णालय गाठा. तो अन्ननलिका दोन तासांतही जाळू शकतो. रॉकेल, फिनेल, डासांच्या मशीनमधलं द्रव पोटात गेलं तर उलटी करवू नका. डांबरगोळी गिळली तरी घरगुती उपाय नकोत. बाटली किंवा पाकीट घेऊन निघा. माती-भिंतीचे पोपडे रोज खात असेल तर मात्र ते ओरडून सुटत नाही, रक्त तपासा.

१७. संक्रांतीनंतर बोरन्हाण आहे. प्रश्न १६ वाचून भीती वाटते, करू की नको?

जरूर करा. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसलेलं बाळ आणि भोवती आळीतली पोरं, हे बघायला घरातली आजी वर्षभर थांबलेली असते. फक्त ओतायच्या वस्तू निवडा. बोरं, शेंगदाणे, हरभरे, उसाचे करवे आणि हलव्याचे दाणे ही नेमकी घशात अडकणारी यादी आहे. बाळावरून चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओता. बोरं, ऊस आणि हलवा पाटाभोवती ठेवा, मोठी मुलं ती लुटतील. बाळाच्या मागे बसलेल्या माणसाचं काम एकच: त्याच्या मुठीत काय आहे ते बघणं. दागिन्यांतला हलवा लाळेने सुटतो, फोटो झाले की लगेच उतरवा. रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, तेव्हा बाळ सर्दीने बेजार असेल तर आठवडा पुढे ढकला.

शेंगदाण्यासारखे अख्खे दाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. द्राक्ष उभं चिरून द्या. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला.

१८. काजळ, तीट, करगोटा, काळे मणी: काय ठेवू, काय सोडू?

काजळ डोळ्यांत घालू नका, घरी केलेलंही नको. बोटाने जंतू जातात आणि काही काजळांत, सुरम्यांत शिसं सापडलं आहे. डोळे त्याने मोठे होत नाहीत. तीट लावायची तर तळपायाला लावा, आजींचंही समाधान होतं. करगोटा सैल आणि कोरडा असेल तर राहू द्या. गळ्यात दोरा मात्र नको, तो अडकून फास बसू शकतो. मनगट्यांचा दोरा झिजला की मणी सुटतात. रोज आंघोळीच्या वेळी तो ओढून बघा.

१९. नऊ महिन्यांच्या लसी झाल्या. आता पुढे केव्हा?

सरकारी वेळापत्रकात पुढचा टप्पा १६ ते २४ महिन्यांचा: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी आणि पोलिओचे बूस्टर. दीड वर्षाच्या आत-बाहेर उरकून टाका. जीवनसत्त्व अ नवव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत मिळतं. जंतनाशक गोळी वर्षानंतर सुरू होते. साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत अंगणवाडीत अर्धी गोळी चुरून देतात. खासगी डॉक्टर या काळात कावीळ अ, कांजिण्या वगैरे लसी सुचवतात, त्या खर्चाचा अंदाज घेऊन ठरवा. सरकारी लसी मात्र एकही चुकवू नका.

२०. बाळ शांत झोपलं की मी उठून श्वास चालू आहे का बघते. मला काही झालंय का?

अनेक आया आणि बाबाही हे करतात. एकदा छातीवर हात ठेवून परत झोप लागत असेल तर काळजी नको. पण बाळ झोपलेलं असूनही झोप येत नाही, दिवसभर वाईट विचार थांबत नाहीत, कारण नसताना रडू येतं, असं आठवडाभर चाललं तर ती तुमची कमजोरी नाही, उपचार असलेला त्रास आहे. बाळंतपणाला वर्ष झालं तरी तो असू शकतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला फोन करून, मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. घरच्यांनी 'आम्ही नाही का वाढवली पोरं?' म्हणण्याऐवजी आठवड्यातल्या दोन रात्री बाळ स्वतःकडे घ्यावं.

२१. आमची मुलगी आठव्या महिन्यात झाली. वरची सगळी वयं तिला कशी लावू?

जितके आठवडे ती लवकर आली तितके वयातून वजा करा. आठ आठवडे आधी जन्मलेली आज १२ महिन्यांची असेल तर चालणं, बोलणं, वजन यांसाठी ती १० महिन्यांची धरा. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत ठेवतात. लसींना मात्र तो लागू नाही, त्या जन्मतारखेवरूनच द्यायच्या. अशा बाळांचे डोळे आणि कान सुरुवातीला तपासलेले असतात. ते कागद लसीच्या कार्डासोबत ठेवा आणि दर भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.